आधी कळलं नव्हतं का?

"वहिनी, आधी कळलं नव्हतं का हो?"

आधी म्हणजे पोटात असताना, आणि कळलं म्हणजे माझ्या मुलाचा आजार. बाराव्याला आलेल्यांनी विचारलं, भिशीतल्या बायकांनी विचारलं, परवा गिरणीत दळणाची वाट बघताना एकीनं विचारलं. आवाज खाली घेऊन विचारतात, जणू पोरगं पलीकडच्या खोलीत झोपलंय. त्याला जाऊन सात वर्षं झाली. "नाही कळलं," म्हणते आणि दुसरं काहीतरी काढते. उत्तर खरं आहे, पण अर्धं. आज पूर्ण सांगते, मग परत विचारू नका.

१९९७ साली कोल्हापुरात कुणी असल्या तपासण्या करत नव्हतं. पोरगं गुटगुटीत होतं. पोटऱ्या तर अशा भरदार की शिवाजी पेठेतला प्रत्येक म्हातारा म्हणायचा, "तालमीत घाला ह्याला." आम्हीही फुशारलो. त्या पोटऱ्यांत ताकद नव्हती, स्नायू झिजून तिथं चरबी भरत होती, हे पाच वर्षांनी कळलं. जमिनीवरून उठताना तो आधी गुडघ्यावर, मग मांडीवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहायचा. आम्हाला ती लाडाची सवय वाटली. डॉक्टरांनी त्याला तसं दोनदा उठायला लावलं आणि रक्त तपासायला पाठवलं. स्नायूंचा जो आकडा दोनशेच्या आत हवा तो चौदा हजार आला. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू झिजत जाण्याचा आजार.

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," सासूबाई म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. दोष आईकडून येतो, भोगतो मुलगा. आजारी मुलांतल्या साधारण तिघांपैकी एकात तो नव्यानं उपजतो म्हणे, पण माझ्यात तो आधीपासून होता. माझा एक मामा चौदाव्या वर्षी अंथरुणातच गेला. आजी शेवटपर्यंत पोलिओ म्हणत राहिली. आधी कळायला जागा होती, एवढं कबूल करते.

आता त्याच्याबद्दल. तुम्ही विचारत नाही, तरी सांगते. अकराव्या वर्षी चालणं बंद झालं. त्यानंतर त्याचं फुटबॉलचं वेड दुप्पट झालं. मॅच असली की माझे धाकटे दीर त्याला पाठकुळी घेऊन शाहू स्टेडियमच्या पायऱ्या चढायचे. स्टिरॉइडनं तोंड गोल झालेलं, मान एका बाजूला. आणि शिवाजी तरुण मंडळाचा गोल हुकला की त्या तोंडातून अशी शिवी निघायची की पुढच्या ओळीतले वळून बघायचे. मी हळदी-कुंकवाला गेले की बायका म्हणायच्या, किती शांत हो तुमचा मुलगा. शांत! दोनशे पानी वही होती त्याची. कुठल्या तालमीच्या संघात कोण खेळाडू, कुणाचा डावा पाय चांगला, कुठला रेफ्री आंधळा. शेवटी शेवटी बोटं वळेनात, तेव्हा तो सांगायचा आणि मी लिहायचे. 'ऑफसाइड' मला आजही कळत नाही, पण लिहिलंय शंभर वेळा.

आणि रात्री. त्याला स्वतःला कूस बदलता येत नव्हती. चार-पाच वेळा हाक यायची, "आई, कूस." दोनच शब्द. मी उठायचे, खांदा आणि कंबर धरून वळवायचे, गुडघ्यांमध्ये उशी सरकवायचे, वरचा कान दुमडलाय का बघायचे. कान दुमडला की तासाभरात फार दुखतो, हे पाठ्यपुस्तकात नसतं. अजूनही दोन वाजता जाग येते.

आता उरलेलं अर्धं.

२००४ मध्ये मला परत दिवस गेले. ह्या वेळी माहीत होतं. मुंबईला गेलो. अकराव्या आठवड्यात पोटात सुई घालून वारेचा तुकडा घेतला. गर्भाचं लिंग बघायला कायद्यानं बंदी, पण लिंगाशी जोडलेल्या आजारासाठी मुभा आहे. ती तशी लेखी होती, तरी सही करताना हात चोरासारखा चालला. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. मुलगा. तोच दोष. ज्या जिल्ह्यात तेव्हा हजार मुलांमागे साडेआठशेही मुली नव्हत्या, तिथली मी, मुलगा पाडून आले. घरी सांगितलं, राहिलं नाही.

तेव्हाची मी म्हणायची, हे मोठ्यासाठीच केलं, त्याच्या वाट्याचं कमी पडू नये म्हणून. आज तिला विचारावंसं वाटतं, बाई, तू दमली होतीस एवढं म्हणायला काय झालं होतं? ती म्हणेल, तुला आता बोलायला काय जातंय, तेव्हा तू रात्रभर जागी होतीस का? होते की. मीच होते.

२०१३ मध्ये अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जुनी फाइल काढली. माझ्याआधी त्यानं वाचली. सोळा वर्षांचा होता, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. त्या रात्री हाक आली. वळवलं, उशी घातली. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "म्हणजे माझं आधी कळलं असतं तर मीपण नसतो."

प्रश्न विचारल्यासारखं म्हणाला नाही. पंचांग वाचल्यासारखं म्हणाला.

मी काय बोलले असेन? आईला सुचावं असं काहीतरी? मी म्हणाले, "झोप आता." कान बघायचा राहिला. थोड्या वेळानं परत हाक आली, "आई, कान." सरळ केला, आणि तिथंच पलंगाच्या कडेला बसून राहिले उजाडेपर्यंत. त्याला माहीत होतं मी बसलेय. मला माहीत होतं तो जागा आहे.

दोन महिन्यांनी, वही लिहीत असताना, मध्येच म्हणाला, "बरं केलंस तू. दोघांना वळवायचं म्हणजे तुझी कंबर गेली असती." आणि लगेच, "लिही, दुसरा हाफ." माझी समजूत काढत होता की खरंच तसं वाटत होतं, हे मी विचारलं नाही. २०१८ मध्ये त्याचं हृदय थकलं आणि तो गेला. एकवीस वर्षांचा होता.

हल्ली लोक मोबाइलवर पाठवतात, औषध निघालंय म्हणे. २०२३ मध्ये अमेरिकेत एका इंजेक्शनला मान्यता मिळाली, बत्तीस लाख डॉलरचं, तेही सुरुवातीला चालत्या-फिरत्या चार-पाच वर्षांच्या पोरांसाठी. मला पाठवून काय उपयोग, सांगा.

तर, आधी कळलं असतं तर त्याला ठेवला असता का? दिवसा विचारलंत तर म्हणेन, त्याच्याशिवायची मी मला ओळखूच येत नाही. रात्री विचारू नका.

गेल्या महिन्यात बहिणीची मुलगी आली होती. तीही माझ्यासारखी त्या दोषाची वाहक निघालीय, आणि तिसरा महिना लागलाय. मुंबईचा पत्ता मीच लिहून दिला, त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर, पान फाडून. रिपोर्टला तेव्हा पंधरा दिवस लागले होते हेही सांगितलं. तिनं कागदाची घडी घातली, परत उघडली.

"मावशी, आणि मुलगा असला तर?"

मी चहा ठेवायला आत गेले.