आमची वाटचाल : पॅरलल बार, तोलाची फळी आणि ते भोक

आमचं शेड कुपवाड एमआयडीसीत. सुरुवातीला खाटा, सलाईन स्टँड, वॉकर असलं काम करायचो, शेजारी मिरजेत दवाखान्यांना काय तोटा नाही, त्यामुळं काम भरपूर पण पैसे कधी वेळेवर आले नाहीत. फिजिओच्या लाईनला मी आलो ते मिरजेच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडममुळं. त्यांनी पॅरलल बार, म्हणजे दोन्ही हातांनी धरून चालायला शिकायचे दोन समांतर दांडे, बाहेरून मागवले होते आणि ते कमी केले तरी उंचच, आपल्याकडच्या आज्या पाच फुटाच्या आत, बार धरायचा म्हणजे खांदे वर चढवून. मी दीड इंची ३०४ स्टेनलेस स्टीलचा पाईप घेतला, सोळा गेज जाडीचा, आर्गन वेल्डिंग मारून बफिंग केलं, उंची बदलायची पिन खालपर्यंत दिली. मॅडमनी सगळ्या पाईपावरनं हात फिरवला आणि एका जॉइंटपाशी थांबल्या. "इथं नख अडकतंय बघा. म्हाताऱ्या माणसाची कातडी पतंगाच्या कागदासारखी असते, हे परत घासून आणा." तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येक वेल्डवर वेल्डर स्वतःचा हात फिरवून बघतो, मगच माल पॅक होतो.

मग वॉबल बोर्ड, म्हणजे उभं राहून तोल सावरायला शिकायची डुलणारी फळी. १८ एमएमचा प्लाय, वर रबर मॅट, खाली अर्धा गोळा, तो कातारी करून द्यायचा. जिमच्या पोरांचा बोर्ड आणि आजोबांचा बोर्ड एक नसतो हे अजून निम्म्या लाईनला कळत नाही, गोळा बुटका ठेवायचा म्हणजे फळी थोडीच कलते, माणूस घाबरून परत चढायला नको म्हणतो ते होत नाही.

त्याच सुमाराला मॅडमच्या पुण्याच्या भाच्यानं वापरलेला निन्टेंडो कंपनीच्या वी (Wii) चा बॅलन्स बोर्ड आणून दिला. व्हिडिओ गेमचाच की तो, २००७ ला जपानमध्ये आलेला, पण २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लॅबमधल्या महागड्या फोर्स प्लेटशी, म्हणजे पायाचा दाब मोजणाऱ्या पाटाशी, ताडून बघितला तर आकडे चांगले जुळले, तेव्हापासून जगभरचे फिजिओ तो वापरायला लागले. मी रात्री उघडून बघितला. चार कोपऱ्यात चार लोड सेल, म्हणजे वजन मोजणारे सेन्सर, बाकी काय नाही! कुठल्या कोपऱ्यावर किती वजन पडलं यावरनं तोल कुठं झुकलाय ते काढायचं आणि स्क्रीनवर ठिपका दाखवायचा. म्हटलं हे आपण करू. वजनकाट्याचे लोड सेल, त्यांचं रीडिंग आकड्यात आणणारी एचएक्स७११ ची चिप, सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका पोरानं प्रोग्रॅम लिहून दिला, आणि मी तिन्ही बाजूनं काढता येणारं रेलिंग दिलं, ते गेमच्या बोर्डाला नव्हतं. पहिल्या लॉटला वायर बाहेर काढायला मागच्या पट्टीत एक भोक मारलं होतं. पुढं ब्लूटूथ आलं, भोकाचं काम संपलं, पण भोकं मारायचा साचा (जिग) तोच म्हणून भोक राहिलं. हे भोक लक्षात ठेवा.

मॅडमकडं खुब्याचं ऑपरेशन झालेले एक रिटायर्ड एसटी ड्रायव्हर होते. त्यांना वाटायचं आपण सरळ उभं आहोत. स्क्रीनवर बघितलं तर सगळा भार चांगल्या पायावर, दुखऱ्या पायावर नुसता पाय टेकलेला. ठिपका मधे आणायला महिना गेला, पण मधे आला तेव्हा म्हणाले, "स्टेअरिंग सरळ झालं." पण मॅडम बोर्डावर त्यांना पंधरा मिनिटंच उभं करायच्या, बाकी वेळ खुर्चीतून उठणं-बसणं, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून चालणं, घोट्याला वाळूच्या पिशव्या बांधून पाय उचलणं. हे व्यायाम कालबाह्य नाहीत बरं का, न्यूझीलंडमधला ओटॅगो कार्यक्रम असाच आहे, आठवड्यातनं तीनदा अर्धा-अर्धा तास आणि वर चालणं, त्याच्या चाचण्यांत पडण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालं. मी मशीन विकणारा माणूस, तरी सांगतो, मशीन या सगळ्याच्या जोडीला आहे.

आता डीलर. नाव घेत नाही, लाईनमधले ओळखतील. नव्वद दिवसांच्या उधारीवर माल उचलला, पहिली दोन बिलं चोख दिली, आणि त्या भरवशावर मी लेसर कटिंगसाठी बँकेचं कर्ज काढलं. मग गडी फोन उचलेना. नंतर कळलं की त्यानं बाहेरून तयार बोर्ड मागवलेत, सोबत डोळ्यावर लावायचा, आभासी चित्र दाखवणारा व्हीआरचा चष्मा, आणि फ्लेक्स लावलाय "दहा सिटिंगमध्ये तोल परत". दहा सिटिंग म्हणजे अर्ध्या तासाप्रमाणं पाच तास झाले! डब्ल्यूएचओ ६५ च्या वरच्यांना आठवड्यातनं निदान तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करा म्हणून सांगते, तेही कायम, आणि हा दहात उरकणार. चष्म्याचं तंत्र वाईट नाही, पण कुणाला त्यात गरगरतं, जमीन दिसत नाही, शेजारी धरायला माणूस लागतोच, तो यांच्या पॅकेजात कुठं होता?

वर आमचे बोर्ड "रीडिंग चुकतंय, लोकल माल" म्हणून परत पाठवले. शेडच्या दारात थप्पी लागली. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या, दोन पोरं दुसरीकडं कामाला लागली, वेल्डर तेवढा राहिला. रीडिंग का चुकत होतं? डीलरच्या माणसांनी बोर्ड गालिच्यावर ठेवले होते, आणि पेशंट चढायच्या आधी झिरो करायचं असतं ते कुणाला शिकवलंच नाही. मॅडमनी ते सगळे बोर्ड आपल्या क्लिनिकच्या फरशीवर मांडले, वजनकाट्याच्या दुकानातनं शिक्का मारलेली वजनं आणली, एकेका कोपऱ्यावर ठेवून आकडे वहीत लिहिले, आणि त्या पानांच्या झेरॉक्स सांगली, कोल्हापूर, कराडच्या ओळखीच्या फिजिओंना स्वतःच्या खर्चानं पाठवल्या. कमिशन विचारलं तर रागावल्या. त्या झेरॉक्सवर आमचं शेड उभं आहे.

पुढची वर्षं बरी गेली, सांगण्यासारखं काय नाही. २०१९ ला सांगली पाण्याखाली होती, आम्ही उंचावर म्हणून वाचलो.

पण गेल्या वर्षी एका प्रदर्शनात त्याच डीलरचा "स्वतःच्या डिझाईनचा" बोर्ड बघितला. रेलिंग आमचं. मागं हात घातला तर पट्टीत भोक! मी विचारलं हे कशाला, तर स्टॉलवरचा पोरगा म्हणतो, व्हेंटिलेशन. तिथंच त्याचा सत्कार झाला, शाल-नारळ, मी मागच्या खुर्चीवर.

नव्या पोरांना सांगतो, डीलरला तीस दिवसांच्या वर उधारी देऊ नका, आणि पहिली बिलं चोख आली की जास्त सावध व्हा. आणि घरी म्हातारं माणूस असेल तर मशीन घ्यायच्या आधी खुर्चीतून उठवा, तीन मीटर चालवा, वळवून परत आणून बसवा, शेजारी उभं राहून घड्याळ लावा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर फिजिओकडं न्या. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. बाथरूममधला टॉवेलचा रॉड धरू देऊ नका, तो दोन स्क्रूवर असतो, भिंतीत पक्का बार बसवा, आमच्याकडूनच घ्या असं नाही.

ज्यांच्याकडं आमचे जुने वायरवाले बोर्ड आहेत त्यांनी शेडवर घेऊन या, लोड सेल तपासून झिरो लावून देतो, पैसे नाहीत. दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी असते.