क्युसेक नको, पुलाच्या खांबावरची खूण सांगा

'विसर्ग वाढवला, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे' एवढा मेसेज ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर पडला की सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांना एकच गोष्ट हवी असते: पाणी येणार कुठवर? मारुतीच्या पारापर्यंत, की खालच्या वस्तीतल्या घरांत? क्युसेकच्या आकड्यात हे उत्तर नसतं. पुराबद्दलचे नियम आणि कायदे बदलत असताना सोलापूर जिल्ह्यातल्या स्थानिक संस्थांनी सगळ्यात आधी हेच मागायला हवं की इशारा आपल्या गावच्या पातळीत मिळावा.

1 क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. 1 लाख क्युसेक दिवसभर वाहिलं की 8.64 टीएमसी (अब्ज घनफूट) होतात. भीमेवरच्या उजनी धरणात 100 टक्क्यांना साधारण 117 टीएमसी पाणी असतं, 111 टक्क्यांना 123 (हे टक्के तळातला मृतसाठा सोडून उरणाऱ्या उपयुक्त साठ्याचे). मधली जागा 6 टीएमसीची. येणारं पाणी सोडलेल्या पाण्यापेक्षा 1 लाख क्युसेकने जास्त असेल, तर ती 17 तासांच्या आत संपते. त्यामुळे धरण भरल्यावर 'पाणी अडवा' म्हणण्यात अर्थ उरत नाही. उजनीच्या वर दौंडला नदी किती वाहते आहे ते कळताच विसर्ग थोडा थोडा वाढवावा, रात्रीत एकदम नको, हा ठराव जास्त कामाचा.

पंढरपुराला तर उजनीचा आकडा एकटा पुरतच नाही. वीर धरणाचं पाणी नीरेतून येऊन नीरा नरसिंहपूरला भीमेत मिळतं. संगमाखालचा एकत्रित आकडा पाहूनच व्यासनारायण झोपडपट्टी हलवायची की नाही ते ठरवावं लागतं.

सीना नदीचं दुखणं वेगळं आहे. भीमेवर निदान उजनीसारखा मोठा साठा आहे. सीनेवर तसा नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सीना कोळेगाव, चांदणी आणि खासापुरी या प्रकल्पांचं पाणी, वर धरणांनी न अडवलेल्या खुल्या पाणलोटातलं पाणी, असं सगळं एकाच वेळी आलं. लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला. चांदणी आणि खासापुरी धाराशिव जिल्ह्यात, बुडणारी गावं माढा-मोहोळची. त्या वेळी गावाला तीन वेगळे विसर्ग कळून उपयोग नसतो, त्यांची बेरीज हवी असते. खाली दक्षिण सोलापुरात आणखी एक गुंता आहे. हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते. भीमा चढलेली असेल तर सीनेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो. सीनेचा विसर्ग कमी झाला म्हणून लोकांना घरी पाठवायची घाई तिथे महागात पडते.

गावची खूण बनवायला खर्च फार नाही. पूर ओसरल्यावर भिंतींवर गाळाची रेघ राहते. पाऊस ती धुऊन टाकायच्या आत बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून डम्पी लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) तिची उंची घ्यावी, पुलाच्या स्लॅबसारख्या न हलणाऱ्या ठिकाणापासून. पाणी त्या रेघेला कोणत्या तासाला होतं आणि त्याआधी वरून किती सोडलं होतं, हे शेजारी लिहावं. दोन-तीन पुरांत गावाचा स्वतःचा तक्ता तयार होतो. पाण्याची उंची वाचायची पट्टी पुलाच्या खांबाच्या बाजूच्या अंगावर रंगवावी. प्रवाहाच्या तोंडावर पाणी आदळून चढतं, तिथे वाचन जास्त येतं. बंधाऱ्याच्या लगेच वरची जागाही टाळावी. रंग रात्री बॅटरीत चमकणारा हवा. पुरात दर तासाला वाचन घेतलं, की तासाला 20 सेंटिमीटर चढणारं पाणी 1 मीटर वरच्या उंबऱ्याला पाच तासांत लागेल, हे कोतवालही सांगू शकतो. वेग तोच राहील असं मात्र धरू नये, दर वाचनाला हिशेब नव्याने करावा.

आता कायदा. आपत्ती व्यवस्थापन कायद्यातल्या 2025 च्या दुरुस्तीने महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी वेगळं नागरी प्राधिकरण नेमण्याची सोय झाली. सोलापूर शहराला याचा फायदा होईल, पण तिथला प्रश्न मुख्यतः तुंबलेल्या नाल्यांचा. चंद्रभागेच्या काठी वसलेलं पंढरपूर नगरपरिषदेचं, सीनाकाठ ग्रामपंचायतींचा. त्यांच्यासाठी जिल्हा प्राधिकरणच आहे, आणि तिथे नदीकाठचा आवाज पोचायची व्यवस्था कमजोर आहे. हे बदलायलाच हवं.

पूररेषांचंही तसंच. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं घर नाही. दोन रेषांमध्ये जोतं लाल रेषेच्या वर 0.45 मीटर हवं. नकाशावरची रेषा जागेवर दगड रोवून दाखवली नाही, तर परवानगी देणारा आणि घेणारा दोघेही अंदाजाने चालतात.

राहिले कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायला खांबांमध्ये बसवायच्या काढता येणाऱ्या फळ्या. 2020 चा पूर ऑक्टोबरच्या मध्यावर आला, 2025 चा सप्टेंबरच्या शेवटी. नेमके पाणी अडवायची घाई सुरू होते ते दिवस. बर्गे अडकलेले असले की पाणी बाजूचा भराव फोडून वळतं आणि शेजारची काळी माती खरवडून नेतं. बर्गे कधी टाकायचे ते कॅलेंडर बघून नव्हे, वरच्या धरणांतली स्थिती बघून ठरावं. ते काढायला कोण जाणार आणि साखळी-कप्पी कुणाच्या ताब्यात राहील, हे मे महिन्याच्या ग्रामसभेतच नावानिशी लिहून घ्यावं.