शिंगरांसोबतचा रस्ता

पहाटे अंधारातच निघायचं ठरवलं ते उन्हापायी. उभ्या गाडीत घोड्यांच्या अंगाची वाफ कोंडते. भर दुपारी कुठे अडकून पडलो तर पत्र्याखाली त्यांचं काय होईल, याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती होती. दोन्ही शिंगरं वर्षभराची, एकत्र वाढलेली, आईपासून केव्हाच तोडलेली. आईपासून तोडणं आणि लांबचा प्रवास पाठोपाठ करू नये, यावर मी ठाम आहे.

चढताना त्यांनी त्रास दिला नाही. गाडी आधीपासूनच पागेसमोर उभी करून चारा तिच्यातच देत होतो. तरी आतला दिवा लावला. उजेडातून काळोखात जाताना घोड्याची नजर आपल्यापेक्षा बरीच सावकाश सरावते. शिंगरू दारात अडतं तेव्हा लोक त्याला हट्टी म्हणतात. बिचाऱ्याला पुढचं दिसतच नसतं.

एकदा रस्त्याला लागलं की सगळं चालकाच्या हाती. घोड्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे करकचून ब्रेक लागला की तो पुढे फेकला जातो. आमचा चालक वळणाच्या खूप आधी वेग उतरवायचा आणि मागचा भाग वळणातून पुरता बाहेर येईपर्यंत वाढवायचा नाही. मागे खुरांचा खडखडाट नाही, एवढ्यानंच मी निवांत व्हायचो.

दर चार तासांनी थांबायचं, हे निघण्यापूर्वीच ठरलं होतं. थांबलं की पहिलं काम दावं सैल करणं. या प्रवासातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच, असं मला वाटतं. डोकं तासन् तास उंच बांधलेलं राहिलं की धूळ, शेंबूड आणि जंतू श्वासनलिकेत साचतात. मान खाली गेली तरच ते बाहेर निघतात. लांबच्या प्रवासानंतर फुप्फुसांना सूज येऊन घोडे दगावतात, त्याची सुरुवात पुष्कळदा इथंच होते. म्हणून गवत भिजवून खाली पसरलं, उंच जाळीत टांगलं नाही. लालसर शिंगरानं मान घातली, खाता खाता दोनदा फुरफुरलं, नाक वाहू लागलं. मला फार बरं वाटलं! दुसऱ्याचं बराच वेळ नुसतंच हुंगणं चाललं होतं. त्याला हवा तेवढा वेळ दिला. पाणी पागेतलंच कॅनमधून नेलं होतं, कारण परक्या चवीचं पाणी कितीतरी घोडे पीत नाहीत. रस्त्याच्या कडेला त्यांना खाली मात्र उतरवलं नाही. वाहनाला बुजून शिंगरू सुटलं तर आवरणार कोण?

पोचल्यावर आधी पाणी, मग मोकळ्या जागेत थोडं चालवणं. फुप्फुसांचा आजार दोन-तीन दिवसांनीही डोकं वर काढतो, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजला. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, खोकला आला किंवा चारा सुटला, तर उद्यावर न ढकलता पशुवैद्यांना बोलवायचं.