ऊन दाखवायचं राहिलं

तांदळाचा डबा उघडला आणि झाकणाच्या कडेवर एक टोका, तांदळातला किडा, निवांत फेऱ्या मारताना दिसला. एक दिसला म्हणजे आत चाळीस असणार. हात खुपसला तर बोटांना ती ओळखीची भुरी लागली, पिठासारखी, आणि तो कोंदट वास आला. बाहेर चार दिवसांनी पाऊस उघडला होता. मुकाट्याने जुन्या चादरीचा तुकडा गॅलरीत अंथरला आणि सहा-सात किलो कोलम त्यावर पसरला. थेट उन्हात नाही, उन्हाच्या कडेला. तांदळाला कडक ऊन लागलं की तो तडकतो, मग भातात कणीच कणी. पाच मिनिटांत टोके चालायला लागले.

लेक मीटिंग आटोपून बाहेर आली. तिने आधी चादरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"टाकून दे ना आई. मागवते, दहा मिनिटांत येईल."

येईल, यात वाद नाही. परवा कोथिंबीर आणायला मी चपला शोधत होते तोवर हिची कोथिंबीर दारात आली होती. मी म्हटलं, बस जरा, टोके कुठे जातात ते तरी बघ. ती दोन मिनिटं बसली आणि गेली. मी दीड तास बसले.

आमच्या ओट्याखाली या घडीला मिठाच्या नऊ पिशव्या आहेत. का, ते विचारू नका. दुकानात गेले की हात आपोआप तिकडे जातो. मीठ नसलेल्या घराची मला लहानपणापासून धास्ती आहे. तसं तर आजीच्या घरात 'संपलं' हा शब्दच नव्हता. कुंकू वाढलं, तेल वाढलं, तांदूळ वाढले. मला वाटायचं, वाढले म्हणजे जास्त झाले. एकदा पडवीत बसलेल्या पाहुण्यांना मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "आमच्याकडे साखर खूप वाढलीय." पाहुणे बिचारे बिनसाखरेच्या चहाची वेळ यायच्या आत उठले.

माझं आजोळ राजापूरजवळचं. अर्जुना आणि कोदवली या दोन्ही नद्या एकदम फुगल्या की राजापूरच्या बाजारात पाणी शिरतं. जवाहर चौकात पाणी आलं, ही बातमी आजही दर पावसाळ्यात येते. बाजार बुडला, साकव गेला, की आजीच्या वाडीला जगाशी देणंघेणं उरत नसे. म्हणून मृगाच्या आत आगोटची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, भरणी व्हायची. कोकणात आगोट म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. तिकडे गोव्यात तिलाच पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगिजांचा, पण बोंबील आपलेच.

एप्रिल-मे म्हणजे सुट्टी, हे आम्हा पोरांचं मत. आजीच्या लेखी आम्ही कावळे हाकलायला आलेलो असायचो. खळ्यात एका बाजूला रातांब्याची, म्हणजे कोकमाची, सालं. त्यांना रोज आगळाचं, त्यांच्याच रसाचं, पुट द्यायचं, पुन्हा वाळवायची, पुन्हा पुट, असं करत ती काळी कुळकुळीत होईपर्यंत. दुसऱ्या बाजूला फणसाची साठं, तेल लावलेल्या ताटांतून. पापड कौलांच्या सावलीबाहेर. आणि या सगळ्यांपासून लांब, वाऱ्याची दिशा बघून, सुका जवळा आणि सोडे. वारा फिरला की आजी घरातून ओरडायची, "गो पोरी, सोडे उचल आधी, साठांना वास लागंल." एका वर्षी आम्ही पत्ते खेळत बसलो आणि ते झालंच. त्या पावसाळ्यात फणसाच्या साठाला कोळंबीचा वास येत होता. कुणी काही बोललं नाही. खाल्लं.

पण मला मनापासून आवडायचा तो लोणच्याचा दिवस. चिनी मातीची बरणी आदल्या दिवशी धुऊन उन्हात पालथी घातलेली असे. आजी चुलीतला एक रसरशीत निखारा चिमट्याने उचलून खापरीत ठेवायची. त्यावर तेलाचा थेंब, त्यावर हिंगाची चिमूट. चर्र झालं की क्षणात बरणी त्यावर उलटी. कडेने धुराची एक बारीक रेघ निसटायची, तेवढीच. बाकीचा धूर आत. आजी बरणीवर हात ठेवून बसायची, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग सुलटी करून कैरीच्या फोडी, वर चार बोटं तेल, तोंडाला धुवट पांढरा दादरा आणि सुतळीचे तीन वेढे. त्या आधी एकच प्रश्न, दरवर्षी, प्रत्येकाला: "हात सुका हाय ना?" फोड काढायला जाणारा घरचा मुंबईकर जावई असो, त्यालाही.

कुळथाला राख चोळलेली, वालाला लाल माती. आठळ्यासुद्धा मातीत लोळवून ठेवलेल्या, आषाढात भाजायला. मसाल्याच्या बरणीत हिंगाचे खडे. भात कणगीत, सालासकट; लागेल तेवढाच कांडायचा. सालातल्या भाताला टोका सहसा शिवत नाही, हे मला त्या वेळी कुणी समजावलं नव्हतं. राखेचंही तसंच. ती किड्याच्या अंगावरचं मेणासारखं कवच खरवडते, मग किडा सुकून मरतो, हे पुढे कधीतरी वाचलं. आजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "राख लावतात."

आणि एवढं करूनही काम संपत नसे. श्रावणात ऊन पडलं की धावाधाव. डबे बाहेर, सोडे बाहेर, पापड बाहेर, सगळ्यांना ऊन दाखवायचं. ऊन 'दाखवायचं' हे किती बरोबर आहे. लग्नाच्या मुलीला पाहुण्यांसमोर आणावं तसं, थोडा वेळ, आणि ढग आला की आत.

लग्न होऊन मी गेले ती दुष्काळी माण तालुक्यातल्या घरात. म्हणजे राहायला कल्याणलाच, पण स्वयंपाकघरावर राज्य माणदेशाचं. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिल्याच महिन्यात माझ्या माहेरचे डबे बघितले आणि विचारलं, "एवढी झाकणं का गं करकचून लावता?" मी म्हटलं, ओल शिरते. त्यांना ते पटायला वेळ लागला. त्यांच्याकडे ओल शिरली तर लोक पेढे वाटतील.

त्यांचीही बेगमी होतीच. ज्वारी, बाजरी, मटकी. हरभऱ्याचा पाला वाळवून, गवारीच्या शेंगा वाळवून. सांडगे तर डबाभर. पण आजी चार महिन्यांच्या पावसासाठी भरायची आणि या न येणाऱ्या पावसासाठी. आजीला पाऊस कधी थांबणार ते ठाऊक होतं. नारळी पौर्णिमा झाली की होड्या दर्यात आणि ताजं म्हावरं घरात. आत्याबाईंच्या बेगमीला असा शेवटचा दिवस नव्हता.

1972 च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली होती. नवऱ्याबरोबर, मोठा मुलगा झाडाखाली झोळीत. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो, ती लाल परदेशी ज्वारी. तिची भाकरी थापताना मोडायची, असं त्या सांगत. एवढंच सांगत. पुढे कधी फार बोलल्या नाहीत. पण पिठाचा डबा तळाला लागू द्यायच्या नाहीत. नवं पीठ दळून आलं की आधी जुन्यातली मूठभर बाजूला काढायची, नवं भरायचं, जुनं वर टाकायचं. मी एकदा म्हटलं, आत्याबाई, जुनं पीठ कडू होतं, आधी संपवू या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. कडवट भाकरी खाल्ली.

त्यांच्या माहेरी सांगलीकडे कुणाचं तरी पेव होतं, त्याचं वर्णन मात्र रंगवून करायच्या. आपण उठसूट म्हणतो, क्लासेसचं पेव फुटलं, बुवांचं पेव फुटलं. पेव बघितलंय कुणी? हरिपूरला जमिनीत खोल खोल हळदीची पेवं असायची. वरती माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत रांजणासारखं पोट. तोंड बंद केलं की आतली हवा साठवलेला मालच पिऊन टाकतो आणि कीड गुदमरते. म्हणून उघडल्यावर कुणी लगेच आत उतरायचं नाही. आधी दोरीने दिवा सोडायचा. दिवा विझला, की थांबायचं. आत्याबाई हे सांगताना हातातलं लाटणं हळूहळू खाली सोडत न्यायच्या आणि मध्येच थांबवायच्या. 2005 च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्याने गेली.

त्याच वर्षीच्या जुलैत आमच्याकडेही पाणी आलं. 26 जुलै. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर, हा आकडा मुंबईच्या आसपास राहणाऱ्या माझ्या वयाच्या सगळ्यांना पाठ आहे. कल्याणला उल्हास नदीने आपलं काम केलं. तळमजल्यावरच्या काकू गुडघाभर पाण्यातून जिना चढून वर आल्या, तेव्हा त्यांच्या कडेवर लोणच्याची बरणी होती. टीव्ही नाही, कागदपत्रं नाहीत. बरणी. दादरा कोरडा होता. खाली त्यांच्या गव्हाची अख्खी कोठी भिजत होती. तीन दिवस वीज नव्हती आणि आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसं होती. पहिल्या दिवशी फ्रिजमधलं सगळं शिजवून संपवलं, मग पिठलं, मग कुळथाची पिठी, मग सोड्यांची खिचडी. माझे सोडे, आत्याबाईंचे सांडगे, काकूंचं लोणचं. आत्याबाई त्या तीन दिवसांत दहा वर्षांनी तरुण झाल्या होत्या. पाऊस इतका पडू शकतो यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. खिडकीत उभ्या राहून म्हणायच्या, "ह्यातला जरासा तिकडं न्हाई का व्हो पाठवता येत?"

पाणी उतरल्यावर काकूंचे गहू पाचव्या दिवशी पोत्यांतून रस्त्यावर आले. फुगलेले, आंबलेले, काहींना मोड. कचऱ्याची गाडी येईपर्यंत तो वास जिन्यात होता. वर्षाचे गहू एप्रिलमध्ये भरलेले, एरंडेल लावून, एकेक खडा निवडून. त्यांनी काही केलं नाही असं कोण म्हणेल?

मार्च 2020 चं मी फार सांगत नाही, सगळ्यांनी तेच केलं. मीही पाच किलो रवा आणला. आमच्याकडे आठवड्याला पाव किलो रवा लागत नाही. जूनमध्ये त्यात जाळी धरली, पोरकिडे झाले, आणि रव्याची पिशवी मान खाली घालून कचऱ्यात गेली. आत्याबाई तेव्हा होत्या. "दुकानं बंद हायती व्हय? बरं," एवढंच म्हणाल्या आणि मटकी भिजत घातली. पाच किलो आणायला एक फेरी लागते. त्यावर रोज लक्ष ठेवायला एक माणूस लागतं. ते माणूस मी नव्हते.

पण 2025 च्या मे महिन्यात मी अगदी आजीसारखी वागले होते. मिरच्या आणल्या, बेडगी आणि शंकेश्वरी. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून मागून घेतली. कुरडयांचा चीक केला, तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा, हाताला रग लागेपर्यंत हाटून. आणि पाऊस आला. वळीव समजून सगळं उचललं, दुसऱ्या दिवशी घातलं, पुन्हा आला. पंधरा दिवस हाच खेळ. 26 मेला मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर झालं. मृगाला बारा दिवस बाकी होते. मिरच्या बेडरूममध्ये पंख्याखाली, नवरा शिंकत हॉलमध्ये. कुरडयांवर हिरवी लव आली. त्या मी बादलीत टाकल्या तेव्हा मला आजीची आठवण नाही आली, आत्याबाईंची आली. पाऊस भरवशाचा नसतो हे त्यांनाच ठाऊक होतं. आजीने मे महिन्यावर कधी शंका घेतली नव्हती. खळ्यावर ऊन असणार, हे तिने गृहीतच धरलं होतं. आता माझ्या लेकीला मी काय सांगू, कधी घाल वाळवण? कुठल्या महिन्यात?

असो. चार वाजता ढग आले. तांदूळ चाळले, पाखडले, दोनदा. टोके गॅलरीच्या कठड्यावरून खालच्या मजल्याकडे निघाले होते, तो आता त्यांचा आणि त्या मजल्याचा प्रश्न. डबा पुसून कोरडा केला. तळाशी घालायला कडुलिंबाचा पाला हवा होता, पण सोसायटीतला लिंब मागच्या वर्षी पार्किंगमध्ये गेला. मी खिडकीतून त्या जागेकडे बघत उभी राहिले तर आतून आवाज आला, "मागवू का? मिळतो गं!"

खरंच मिळतो. छोटी जुडी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आठ मिनिटांत आला, ओला किच्च. आता तो सावलीत वाळायला पाच-सहा दिवस तरी जातील, या हवेत आठ. तोवर तांदूळ परातीत उघडेच आहेत, आणि मी येता-जाता त्यांत हात घालून बघतेय.