कूलरसोबत प्रोसेसरच उपटून आला भो

मागच्या मे महिन्यात, जळगावचं ऊन तर माहितीच आहे, दुपारी पंख्याखाली बसून पीसीतला रायझन १६०० प्रोसेसर काढून ५६०० टाकायला घेतला, बायोस (बोर्डाचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) आधीच अपडेट केलेलं, म्हटलं दहा मिनिटांचं काम. आई म्हणे आधी जेवून घे. ऐकलं नाही. प्रोसेसरवरचा कूलर सरळ वर ओढला आन् खटकन आवाज, सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या खाचेचा) लिव्हर बंदच होता तरी प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर! दोघांमधली जुनी थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारी) वाळून फेविकॉलसारखी झालेली. एएम४ ला (एएमडीचं जुनं सॉकेट, माझं तेच) १३३१ पिना प्रोसेसरलाच असतात, कोपऱ्यातल्या चार वाकल्या. जुन्या एटीएम कार्डाची कड ओळीत घालून हळूहळू सरळ केल्या, तासभर गेला, घाम वेगळाच.

आता मी पीसी आधी १५-२० मिनिटं चालवतो, पेस्ट गरम होऊन सैल पडते, मग बंद करून प्लग काढतो, कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवून सुटला की मगच उचलतो. प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, आपोआप बसतो. एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट) किंवा इंटेलवाल्यांनो हसू नका, तुमच्या पिना बोर्डावरच्या सॉकेटमधे असतात, त्या वाकल्या तर त्याहून बेकार.