डोंगरातले ५० किलोमीटर आणि नोंद न झालेली फेरी

शर्यत होऊन बरेच दिवस झाले, पाय केव्हाच मोकळे झाले, पण फेऱ्यांची नोंद बघणाऱ्या टेबलापुढे गेलेला अर्धा तास अजून डोक्यातून जात नाही. लूपवरच्या अल्ट्राला, म्हणजे एकाच वाटेच्या फेऱ्या मारत मॅरेथॉनपेक्षा लांब धावायला, पहिल्यांदा निघालेल्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय.

तोरण्याच्या परिसरातली डिसेंबरातली शर्यत. साडेबारा किलोमीटरची एकच डोंगरी वाट, फेरीला साधारण ५०० मीटर चढ. कुणी एक फेरी मारतं, कुणी दोन, आम्ही पन्नासवाले चार. सगळ्यांची सुरुवात आणि शेवट एकाच कमानीखाली, एकाच टायमिंग मॅटवर, म्हणजे ओलांडली की वेळ नोंदवणाऱ्या चटईवर. आम्ही पहाटे ५ ला सुटलो, पंचवीसवाले ६ ला, साडेबारावाले ७ ला. आम्हाला एकूण १२ तास आणि शेवटच्या फेरीसाठी पावणेदोनच्या आत कमान सोडायची अट.

पहिल्या दोन फेऱ्या छान गेल्या. पहिली हेडलॅम्पच्या उजेडात, दुसरी कोवळ्या उन्हात. दुसरी संपवून दहाच्या सुमारास आले तेव्हा कमानीखाली जत्रा भरली होती. छोट्या अंतराचे लोक मेडल घालून फोटो काढत होते, घरचे मॅटवरच उभे. मी वाट काढत पलीकडे गेले, बाटल्या भरल्या, मीठ लावलेले उकडलेले बटाटे तोंडात टाकले आणि निघाले. तिसऱ्या फेरीत ऊन चढलं, खिंडीनंतरच्या घसाऱ्यावर मांड्या थरथरायला लागल्या, तरी एक वाजून पाच मिनिटांनी खाली होते. हातात चाळीस मिनिटं!

टेबलावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमच्या दोनच फेऱ्या दिसतायत. आता तिसरीला जा."

मी घड्याळ दाखवलं, ३७ किलोमीटरच्या वर. "घड्याळ धरत नाही, मॅडम. नियम आहे." दुसऱ्या फेरीनंतर याच टेबलावर पाणी भरलं, हे सांगितलं. त्या वेळी दुसरी मुलं होती म्हणे. प्रमुखांना बोलवा म्हटलं, तर ते पार्किंगकडे गेलेले. माझ्या मागे आणखी दोघं असेच अडकले होते. त्यातले एक काका, साठीच्या पुढचे, काही न बोलता खुर्चीवर बसून राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. थांबलं की पाय आखडतात, चाळीस मिनिटांतली वीस तिथेच गेली आणि "बघतो मॅडम" यापलीकडे कुणी काही सांगेना. इतकी चीड मला धावताना कधीच आली नव्हती.

सुटका झाली ती कागदामुळे. खिंडीतल्या पाणपोईवर गावातला एक मुलगा दोनशे पानी वहीत प्रत्येकाचा बिब नंबर (छातीवरच्या पट्टीवरचा आकडा) आणि वेळ पेनाने लिहीत होता. हे मला आठवलं, त्यांना नाही. वॉकी-टॉकीवरून विचारायला लावलं. तो एकेक आकडा सावकाश वाचत गेला: सहा दहा, आठ पंचेचाळीस, अकरा पस्तीस. तीन नोंदी. काकांच्याही तीन निघाल्या. एक पस्तीसला आम्हाला सोडलं. गेलेला अर्धा तास भरून मिळणार नाही, हेही सांगितलं.

कारण नंतर कळलं. दहाच्या सुमारास डिझेल भरायला जनरेटर बंद केला होता. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, मॅटचा रीडर, म्हणजे बिबवरची चिप वाचणारं यंत्र, मात्र बंद. बिबच्या मागच्या चिपमध्ये स्वतःची बॅटरी नसते, मॅटकडून येणाऱ्या रेडिओ लहरींवरच ती उत्तर देते. रीडर बंद म्हणजे तुम्ही तिथून गेलातच नाही. तसंही बिब घडी घालू नका, जॅकेटखाली झाकू नका. अंगातलं पाणी या लहरी शोषून घेतं.

अमेरिकेत टेनेसीच्या जंगलात बार्कली मॅरेथॉन होते, पाच फेऱ्या, ६० तास. तिथे वाटेवर पुस्तकं ठेवलेली असतात आणि आपल्या बिब नंबरचं पान फाडून आणावं लागतं. २०२४ मध्ये जास्मिन पॅरिस ती पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली, अवघी ९९ सेकंद शिल्लक असताना. जगातल्या इतक्या कठीण शर्यतीत पुरावा कागदाचा चालतो, मग आपल्याकडे कमानीखाली एक वही ठेवायला काय हरकत आहे?

तेव्हा दर फेरीला मॅट ओलांडली की तिथेच विचारा, "माझी नोंद आली का?" दहा सेकंद जातात. घड्याळात लॅपचं बटण दाबा, कमानीखाली एक फोटो काढा, त्यावर वेळ राहते. बिब वाटपाच्या दिवशीच विचारून ठेवा की नोंद चुकली तर निर्णय कुणाचा, आणि त्या व्यक्तीचा नंबर फोनमध्ये घ्या.

शेवटची फेरी मी रागावरच मारली. चार पंचेचाळीसला कमानीत आले, पंधरा मिनिटं राखून. काका माझ्यामागून आले आणि वेळेत आले, याचा मला माझ्या मेडलपेक्षा जास्त आनंद झाला.

आणि हो, नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरतं. कोकम सरबत आणि मीठ जवळ असू द्या.

निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे आधी डीएनएफच (शर्यत अपूर्ण) आलं होतं. घड्याळाची फाइल, फोटो आणि त्या वहीच्या पानाचा फोटो जोडून मेल केला, तेव्हा दुरुस्त झालं. वहीचा फोटो शर्यत संपल्यावर लगेच, मुलं सामान आवरायच्या आत काढून घ्या.