मणक्याच्या ऑपरेशननंतर जखम चिघळली तेव्हा

कमरेच्या मणक्यात स्क्रू-रॉड बसवल्यावर पायातली कळ थांबली होती. पण टाके काढायच्या सुमारास जखमेतून पाणी यायला लागलं, आधी पातळ, मग पिवळट आणि घट्ट. अंगात कणकण, रात्री कंबर ठणकायची. सर्जननी वरचेवर ड्रेसिंग करत बसण्याऐवजी लगेच दाखल करून घेतलं, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत रक्तातलं सीआरपी, म्हणजे शरीरात दाह किंवा संसर्ग असला की वाढणारं प्रथिन, सगळ्यांचंच चढतं आणि साधारण दोन आठवड्यांत उतरतं. माझं उतरून पुन्हा चढलं होतं.

माझा पहिला प्रश्न होता, स्क्रू काढणार का? डॉक्टरांनी नीट समजावलं. हाड जुळायच्या आत स्क्रू काढले तर मणका डळमळीत होतो, म्हणून संसर्ग लवकर सापडला तर ते शक्यतो ठेवतात. मात्र जंतू धातूवर चिकट थर करून बसतात आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. त्यामुळे जखम पुन्हा उघडून, मेलेलं मांस काढून, भरपूर सलाईनने धुणं अटळ होतं. ते भूल देऊन झालं. खोलवरचे नमुने कल्चरला गेले आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला, अशा जखमांत नेहमी सापडणारा जंतू. त्याला लागू पडणारं अँटिबायोटिक शिरेतून सुरू झालं.

मग व्हॅक मशीन, म्हणजे हवाबंद झाकलेल्या जखमेतलं पाणी सतत खेचून घेणारं यंत्र. ते लावण्याआधी मज्जारज्जूभोवतालचं आवरण शाबूत आहे, मणक्यातलं पाणी गळत नाही, हे डॉक्टरांनी पाहून घेतलं. गळती असताना खेच लावली तर ते पाणीच ओढलं जाऊन मेंदूपर्यंत त्रास पोचू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचीही चौकशी झाली, कारण रक्तस्राव हा या उपचारातला मोठा धोका. तुमच्या माणसाला मशीन लावणार असतील तर हे दोन्ही प्रश्न आवर्जून विचारा.

जखमेच्या मापाने कापलेला काळा फोम आत, वर पारदर्शक चिकट फिल्म, तिला छोटं भोक आणि तिथून नळी मशीनच्या डब्यात. दाब १२५ मिलिमीटर पारा, उणे. मशीन सुरू होताच फोम आक्रसून कडक झाला आणि कंबरेला आतून कुणी घट्ट धरल्यासारखं वाटलं. साचणारं पाणी सतत बाहेर, सूज कमी, कडा जवळ, आणि त्या ओढीने नवं मांस धरू लागतं. जंतू मात्र मशीन मारत नाही. ते काम धुण्याचं आणि औषधाचं. हे आधी कळल्यामुळे इंजेक्शनांची वेळ मी कधी चुकू दिली नाही.

दर दोन-तीन दिवसांनी फोम बदलायचा. नवं मांस फोमच्या छिद्रांत शिरलेलं असतं, त्यामुळे ओढताना जीव जातो. अर्धा तास आधी वेदनाशामक आणि फोमवर सलाईन सोडून थोडं थांबणं, याने खूप फरक पडला. सिस्टर काढलेले तुकडे मोजून नोंदीशी ताडून पाहायच्या. एखादा आत राहिला तर तोच नव्या संसर्गाचं घर होतो.

कमरेच्या घडीत फिल्म सुटते आणि अलार्म वाजतो. मशीन दिवसातून एकूण दोन तासांपेक्षा जास्त बंद राहता कामा नये, म्हणून रात्रीही सिस्टरना उठवायला मी संकोच केला नाही. त्याही कधी कंटाळल्या नाहीत. डब्यात एकदम लालभडक रक्त दिसलं तर मशीन बंद करून लगेच हाक मारायची, हे घरच्यांनाही शिकवलं होतं.

जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि इतकं पाणी वाहून जात असताना तर जास्तच. भूक नसतानाही मी खात राहिले. हळूहळू तळाशी लाल, दाणेदार मांस दिसू लागलं, स्क्रू झाकले गेले आणि पुढच्या धुण्यात पू मिळाला नाही. तेव्हा मशीन काढून डॉक्टरांनी थराथराने टाके घातले. अँटिबायोटिकच्या गोळ्या त्यानंतरही बरेच आठवडे चालू राहिल्या. सीआरपीची तपासणी अजून चालू आहे.